रोममधील निवासी शिष्यवृत्तीची साडेतीन शतके

परदेशात जाऊन ठरावीक मुदत राहायचे, राहण्या-जेवण्याचा खर्च दुसऱ्याने उचलायचा आणि त्या काळात कलावंताने किंवा अभ्यासकाने फक्त आपले काम करायचे, ही व्यवस्था आज जगभर रूढ आहे. तिचा पहिला टिकाऊ नमुना फ्रान्सने १६६६ साली रोममध्ये उभा केला. पुढची तीन शतके युरोप-अमेरिकेतल्या अनेक देशांनी त्याच शहरात आपापली घरे उभारली, आणि निवासी शिष्यवृत्तीचे बहुतेक नियम, वाद आणि फायदे तिथेच पहिल्यांदा दिसून आले.

सतराव्या शतकात चित्रकार किंवा शिल्पकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला रोम पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. प्राचीन पुतळे तिथे होते, राफाएल आणि मायकेलअँजेलो यांची भित्तिचित्रे तिथे होती. कोरीव ठशांवरून छापलेली चित्रे पॅरिसमध्ये मिळत, पण त्यांवरून रंग कळत नसे आणि मूळ कृती किती मोठी आहे याचा अंदाजही येत नसे. एखादा धनिक आश्रयदाता भेटला तर तरुण कलावंत त्याच्या पैशावर जात, नाहीतर पदरमोड करून. निकोला पुसँ हा फ्रान्सचा त्या काळचा सर्वांत मोठा चित्रकार, पण त्याच्या आयुष्याचा बराचसा काळ रोममध्येच गेला. चौदाव्या लुईचा मंत्री झाँ-बातीस्त कोल्बेर याने या येण्याजाण्याला राज्याच्या हिशेबात जागा दिली. परदेशी माल विकत घेण्यापेक्षा तो बनवणारे हात आपल्याकडे तयार करावेत, हे त्याचे एकूण आर्थिक धोरण होते, आणि कलेलाही त्याने तेच लावले. पुसँ १६६५ च्या अखेरीस वारला. दुसऱ्या वर्षी निघालेल्या फ्रेंच अकादमीचा पहिला संचालक शार्ल एरार झाला. पॅरिसमधून राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रँ तिच्यावर लक्ष ठेवून होता, आणि रोममध्ये वृद्ध शिल्पकार बर्निनी सल्ला देत होता.

पहिल्या नियमावलीने बारा तरुणांची सोय केली: सहा चित्रकार, चार शिल्पकार, दोन वास्तुकार. पहाटे उठायचे, प्रार्थना चुकवायची नाही, जेवताना इतिहासाचे वाचन ऐकायचे, रात्री ठरलेल्या वेळी दिवा मालवायचा. ही शिस्त मठाची होती. कामही मुक्रर होते. चित्रकारांनी रोममधल्या उत्तम चित्रांच्या प्रती करायच्या, शिल्पकारांनी प्राचीन पुतळ्यांवरून संगमरवरी पुतळे घडवायचे, वास्तुकारांनी प्रासादांचे आणि भग्न इमारतींचे आराखडे काढायचे. जे तयार होईल ते राजाचे. व्हर्सायच्या बागांमधले कित्येक पुतळे म्हणजे या तरुणांनी रोममध्ये केलेल्या प्रतीच आहेत. सम्राट ट्रेजनच्या विजयस्तंभावरील शिल्पपट्टीचे प्लास्टरचे ठसेही याच काळात घेतले गेले. आज मूळ स्तंभ हवेने आणि धुराने झिजला असल्यामुळे जुन्या ठशांना संशोधकांच्या लेखी मोठे मोल आले आहे. तेव्हा हेतू एवढाच होता की रोम शक्य तितके फ्रान्समध्ये न्यावे.

या व्यवस्थेतला एक प्रसंग बोलका आहे. लुईचा अश्वारूढ पुतळा बर्निनीने करायचा आणि अकादमीच्या फ्रेंच शिल्पकारांनी त्याच्या हाताखाली राबायचे, म्हणजे गुरूची विद्या आपोआप शिष्यांकडे जाईल, अशी योजना होती. पुतळा १६८५ साली व्हर्सायला पोहोचला. राजाला तो मुळीच आवडला नाही. शेवटी फ्रँस्वा जिरार्दाँ या फ्रेंच शिल्पकाराने त्यात फेरफार करून त्याला रोमन वीर मार्कस कर्टियस बनवले आणि पुतळा बागेच्या टोकाला गेला. पैसे देणाऱ्याची अपेक्षा आणि हाती आलेले काम यांच्यातले हे अंतर पुढच्या प्रत्येक शतकात पुन्हा दिसते, आणि बहुतेक वेळा नुकसान अपेक्षेचे झाले, कामाचे नाही.

लुईच्या अखेरच्या युद्धांनी खजिना रिता केला आणि अकादमी कशीबशी तग धरून राहिली. तिला खरे स्थैर्य आले ते १७२५ साली, कोर्सो या हमरस्त्यावरच्या मांचिनी प्रासादात ती गेली तेव्हा. संचालक निकोला व्ल्यूगेल याने विद्यार्थ्यांना शहराबाहेर, उघड्यावर बसून रेखाटने करायला पाठवले. पुढे शार्ल-जोझेफ नात्वार याने ही सवय आणखी वाढवली. नियमावलीत तिला जागा नव्हती. पण १७६० च्या उन्हाळ्यात ओनोरे फ्रागोनार आणि युबेर रोबेर तिव्होलीच्या व्हिला द'एस्तेमध्ये राहिले आणि तिथली वाढलेली झाडे, कारंजी, पायऱ्या त्यांनी लाल खडूने कागदावर उतरवल्या. त्या रेखाटनांपुढे त्याच काळातल्या कितीतरी आज्ञाधारक प्रती आज कुणाला आठवतही नाहीत. रस्त्यापलीकडे जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याचे दुकान होते. प्राचीन अवशेषांना त्याने आपल्या ठशांमध्ये दिलेले भव्य, अंधारलेले रूप फ्रेंच वास्तुकारांच्या एका पिढीच्या मनात भिनले. अकादमीच्या अभ्यासक्रमात पिरानेसी कुठेच नव्हता. तो फक्त समोर राहत होता.

रोमला कुणी जायचे हे पॅरिसमधली वार्षिक स्पर्धा ठरवी. तिचे पारितोषिक म्हणजे ‘प्री द रोम’. चित्र-शिल्पाची स्पर्धा अकादमीच्याही आधीची, १६६३ पासूनची. १७२० मध्ये वास्तुकला तिच्यात आली. झाक-लुई दाव्हिदला ती लागोपाठ हुकत गेली. १७७२ च्या अपयशानंतर त्याने अन्न सोडून जीव द्यायचे ठरवले होते. १७७४ साली ती त्याला मिळाली आणि नवे संचालक व्हिएँ यांच्याबरोबर तो रोमला गेला. ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे त्याचे युगप्रवर्तक चित्रही त्याने दुसऱ्या खेपेला रोममध्येच राहून १७८५ मध्ये पूर्ण केले. फ्रेंच क्रांतीत मात्र राजाश्रयी अकादम्यांविरुद्धचा सर्वांत खणखणीत आवाज याच दाव्हिदचा होता. नोव्हेंबर १७९२ मध्ये त्याच्या पुढाकाराने रोमच्या संचालकाचे पद रद्द झाले. जानेवारी १७९३ मध्ये रोममधल्या जमावाने फ्रेंच दूत बासव्हील याला ठार मारले आणि मांचिनी प्रासाद लुटला. तिथे राहणारे तरुण नेपल्स आणि फ्लॉरेन्सकडे पळाले. त्यांत दाव्हिदचा लाडका शिष्य जिरोदेही होता.

दहा वर्षांनी नेपोलियनच्या राजवटीत अकादमी पुन्हा उभी राहिली. १८०३ साली संचालक स्यूव्हे यांनी मांचिनी प्रासाद देऊन बदल्यात पिंचियो टेकडीवरचा व्हिला मेदिची मिळवला. सोळाव्या शतकातला हा वाडा कार्डिनल रिच्ची याने बांधवला आणि १५७६ मध्ये फेर्दिनांदो द मेदिचीने घेतला. बागेकडच्या भिंतीत प्राचीन शिल्पांचे तुकडे बसवलेले, समोर पाइन वृक्ष, खाली सगळे रोम. अकादमी आजही तिथेच आहे. याच सुमारास संगीतकारांनाही पारितोषिक मिळू लागले, आणि इथून पुढची कथा चित्रकारांपेक्षा संगीतकारांच्या अंगाने अधिक रंगतदार होते.

एकोणिसाव्या शतकातली स्पर्धा म्हणजे कैदच होती. अंतिम फेरीतल्या उमेदवारांना स्वतंत्र खोल्यांत कोंडून घालत. बाहेरून मदत येऊ नये म्हणून सामानाची तपासणी होई. चित्रकारांना या कोंडवाड्यात ७२ दिवस मिळत. संगीतकारांना ठरवून दिलेल्या काव्यावर एक काँताता, म्हणजे वाद्यवृंदासह गायची रचना, करावी लागे. वय तिशीच्या आत हवे, लग्न झालेले नको. जिंकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत वेतन मिळे, पण दरवर्षी रोमहून पॅरिसला काम पाठवणे बंधनकारक होते, आणि त्यावर अकादमीचे ज्येष्ठ सदस्य जाहीर अहवाल लिहीत. आजच्या फेलोशिपांमधला प्रगती-अहवाल हा याच प्रथेचा वंशज.

संगीतकार एक्तोर बेर्लिओझने अनेक प्रयत्नांनंतर १८३० मध्ये पारितोषिक जिंकले. जुलै क्रांतीच्या तोफा धडधडत असताना त्याने कोंडलेल्या खोलीत काँताता पुरी केली. रोममध्ये तो दुःखी होता. त्याला हवे असलेले संगीत तिथे नव्हते. पॅरिसमधल्या वाग्दत्त वधूचे पत्र येईना म्हणून तो परवानगीशिवाय निघाला, तिने दुसऱ्याशी लग्न ठरवल्याचे वाटेत कळल्यावर नीसपर्यंत गेला आणि तिथून परतला. पॅरिसला पाठवायच्या वार्षिक कामात त्याने रोमला येण्याआधीच लिहिलेल्या एका जुन्या ‘मास’चा (चर्चमधल्या उपासनेच्या संगीताचा) भाग घातला, आणि परीक्षकांना त्यात रोमच्या वास्तव्याने झालेली प्रगती दिसली. त्याच मुक्कामात मात्र त्याची तरुण मेंडेल्सनशी गाठ पडली, आणि इटलीच्या डोंगरातली भटकंती त्याच्या ‘हॅरल्ड इन इटली’मध्ये उतरली. संस्थेने मागितले ते त्याने दिले नाही. जे दिले ते मागण्याची कल्पना संस्थेला सुचलीही नसती.

वास्तुकारांमध्ये आंरी लाब्रुस्त याचा वाद अधिक खोल गेला. १८२४ च्या या विजेत्याने दक्षिण इटलीतल्या पेस्तुमच्या ग्रीक मंदिरांचा अभ्यास करून आराखडे पाठवले. मोजमापे अचूक होती; चीड आली ती निष्कर्षाची. ग्रीक वास्तुकला हा एकच अढळ आदर्श आहे असे पॅरिसच्या ज्येष्ठांचे मत होते, तर लाब्रुस्तने दाखवले की वसाहतीतल्या ग्रीकांनी स्थानिक दगड आणि स्थानिक गरजा पाहून ती बदलत नेली होती. संचालक ओरास व्हेर्ने विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहिला, हे त्याच्या पदाला शोभणारे होते. पुढे पॅरिसमधल्या सेंत-जनव्हिएव्ह ग्रंथालयात लोखंडी खांब आणि कमानी उघड्या ठेवण्याचे धाडस याच लाब्रुस्तने केले. तोनी गार्निए याने तर १८९९ चे पारितोषिक घेऊन रोममध्ये प्राचीन अवशेषांऐवजी एका काल्पनिक औद्योगिक शहराचे नकाशे काढले: रुग्णालय, शाळा, कारखाने, कामगारांची मोकळ्या हवेतली घरे. अकादमीने ते नाकारले, आणि त्याला मुकाट्याने तुस्कुलुम या प्राचीन नगराची पुनर्रचना करून द्यावी लागली. ते नाकारलेले नकाशे १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि विसाव्या शतकाच्या नगररचनेच्या मूळ दस्तऐवजांत गणले गेले.

क्लोद देब्युसी १८८४ चा विजेता. व्हिला मेदिचीचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि मुदत संपण्याआधीच तो परतला. त्याने पाठवलेल्या ‘प्रँताँ’ या रचनेवरच्या १८८७ च्या अहवालात अकादमीने त्याला धूसर ‘इम्प्रेशनिझम’पासून सावध राहण्यास बजावले. चित्रकलेतले हे नाव देब्युसीच्या संगीताला चिकटले ते इथून. मॉरिस राव्हेल पाच वेळा स्पर्धेत उतरला आणि एकदाही पहिला आला नाही. १९०५ मध्ये, नाव झालेले असताना, त्याला प्राथमिक फेरीतच बाद केले. अंतिम फेरीत गेलेले सगळे उमेदवार एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी होते, आणि ते प्राध्यापक परीक्षक मंडळावर होते. वृत्तपत्रांत गदारोळ उठला. त्याच वर्षी पॅरिसच्या संगीतशाळेच्या प्रमुखपदावरून तेओदोर द्युब्वा गेले आणि राव्हेलचे गुरू गाब्रिएल फोरे आले.

स्त्रियांना ही स्पर्धा १९०३ मध्ये खुली झाली, म्हणजे सुरुवातीपासून दोनशे चाळीस वर्षांनी. १९११ मध्ये ल्युसिएन अव्हेलमान्स हिला शिल्पकलेचे, १९१३ मध्ये लिली बुलांजे हिला संगीताचे पहिले पारितोषिक मिळाले. लिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि लहानपणापासून आजारी. १९१४ च्या वसंतात ती रोमला पोहोचली. काही महिन्यांत युद्ध पेटले आणि तिला परतावे लागले. १९१८ मध्ये ती गेली. विजेत्याला निवांतपणे घालवता यावीत म्हणून राखलेल्या वर्षांपैकी तिच्या वाट्याला फारच थोडा काळ आला, आणि तिच्या उत्कट स्तोत्ररचना ऐकताना ही हानी किती मोठी होती ते जाणवते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमला येणाऱ्यांचे स्वरूप बदलले. आता कलावंतांबरोबर पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकार येऊ लागले. १८२९ मध्ये एदुआर्द गेरहार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅपिटोल टेकडीवर पुरातत्त्वाची एक आंतरराष्ट्रीय संस्था काढली होती. १८७० च्या दशकात ती जर्मन साम्राज्याची संस्था झाली. प्रशियाकडून हरलेल्या फ्रान्सने लगोलग, १८७३ पासून, इतिहास आणि पुरातत्त्वासाठी आपली वेगळी शाळा उभी केली आणि तिला फार्नेझे प्रासादात जागा दिली. त्याच वर्षी स्पेनच्या प्रजासत्ताकाने जानिकोलो टेकडीवरील अकादमीची स्थापना केली. १८८१ मध्ये पोप तेरावा लिओ याने व्हॅटिकनचे गुप्त अभिलेखागार संशोधकांना खुले केले. मध्ययुगीन युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक देशाची कागदपत्रे तिथे होती. एका माणसाने काही आठवड्यांत उरकावे असे ते काम नव्हते. ऑस्ट्रियाने ताबडतोब, प्रशियाने १८८८ मध्ये इतिहास संस्था स्थापली. कलावंताला शहर लागत होते, इतिहासकाराला दफ्तर. पण वर्ष-दोन वर्षे तिथेच राहण्याची गरज दोघांनाही सारखीच होती.

ब्रिटिश उशिरा आले. ‘ब्रिटिश स्कूल ॲट रोम’ १९०१ मध्ये पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी सुरू झाली. १९११ च्या रोम प्रदर्शनासाठी एडविन लुटयेन्स याने व्हाल्ले जूलिया भागात ब्रिटनचा तात्पुरता मंडप बांधला. त्याच्या दर्शनी भागात लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा वरचा भाग अनुसरला होता. प्रदर्शन संपल्यावर शहराने ती जागा देऊ केली आणि मंडपाची पक्की इमारत झाली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनातून उरलेल्या निधीवर चित्र, शिल्प आणि वास्तुकलेच्या रोम शिष्यवृत्त्या १९१३ पासून दिल्या जाऊ लागल्या. १९२० मध्ये विनिफ्रेड नाइट्स ही चित्रकलेची शिष्यवृत्ती जिंकणारी पहिली स्त्री ठरली.

लुटयेन्स १९१२ पासून नव्या दिल्लीच्या आखणीत होता, आणि रोम शिष्यवृत्तीची कल्पना भारतात आली तीही दिल्लीच्या बांधकामाच्या निमित्ताने, मुंबईमार्गे. १९१९ पासून सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख असलेले ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने तिथे भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. त्या वर्गातले विद्यार्थी मोठ्या भिंती हाताळू शकतात हे दिसल्यावर सॉलोमन यांनी ‘प्राइझ ऑफ दिल्ली’ची मागणी लावून धरली. फ्रेंच पारितोषिकाच्या धर्तीवर देशभरातल्या कलाशाळांतून स्पर्धेने निवडलेले तरुण राजधानीत राहतील, शिकतील आणि तिच्या नव्या इमारती रंगवतील, असा हा आराखडा होता. मुंबईच्या कलावर्तुळात त्यासाठी जोरदार प्रचार झाला. सरकारने पारितोषिक सुरू केले नाही. त्याऐवजी १९२० च्या दशकाच्या अखेरीस भिंती वेगवेगळ्या कलाशाळांत वाटून दिल्या, आणि ज. जी. च्या विद्यार्थ्यांनी सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये चित्रे काढली. काम मिळाले, संस्था मिळाली नाही. ती झाली असती तर चित्रकाराला आपल्याच देशात पण आपल्या प्रांताबाहेर, इतर प्रांतांतल्या चित्रकारांच्या सोबतीने काही वर्षे राहण्याची सोय भारताला स्वातंत्र्याआधीच लाभली असती. हे अपयश मुंबईच्या कलेतिहासात जितक्या गांभीर्याने नोंदले जायला हवे तितके नोंदले जात नाही.

अमेरिकनांचे घर सरकारने नव्हे, धनिकांनी बांधले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वास्तुकार, शिल्पकार आणि चित्रकारांनी एकत्र काम केल्यावर चार्ल्स फॉलेन मॅकिम या वास्तुकाराने दुसऱ्याच वर्षी रोममध्ये वास्तुकलेची अमेरिकन शाळा काढली. ती १८९७ मध्ये अकादमी झाली. जे. पी. मॉर्गन, वँडरबिल्ट, हेन्री वॉल्टर्स यांच्यासारख्यांनी पैसा दिला. १८९५ पासून रोममध्येच वेगळी चालणारी प्राचीन विद्यांची अमेरिकन शाळा १९१३ मध्ये तिच्यात विलीन झाली, आणि वर्षभराने जानिकोलो टेकडीवर मुख्य इमारत उभी राहिली. शेजारचा व्हिला ऑरेलिया क्लॅरा जेसप हेलँड या बाईंनी मृत्युपत्राने दिला; १८४९ च्या लढाईत गारिबाल्डीचा तळ तिथे होता.

या विलीनीकरणातून घडलेली गोष्ट रोमच्या इतर घरांत तोवर क्वचित होती: लॅटिन शिलालेख वाचणारा आणि नवी इमारत आखणारा रोज एकाच टेबलावर जेवू लागले. संस्थेचे संस्थापक अभिजात परंपरेचे कडवे पाईक होते, त्यांना आधुनिक कला नको होती. टेबलाने मात्र हळूहळू आपले काम केले. संस्थांच्या सीमाही विद्वानांनी फारशा मानल्या नाहीत. एस्थर व्हॅन डेमन ही अमेरिकन शाळेत आलेली विदुषी विटांच्या आणि काँक्रीटच्या बांधणीवरून रोमन इमारतींचा काळ ठरवण्याची पद्धत घडवत होती. ब्रिटिश स्कूलचे थॉमस ॲशबी प्राचीन जलवाहिन्यांच्या मागे होते. दोघांनी कॅमेरे घेऊन रोमभोवतीचा प्रदेश वर्षानुवर्षे पायी तुडवला. जलवाहिन्यांवरचे तिचे पुस्तक १९३४ मध्ये आले आणि त्यांचे, मृत्यूनंतर, १९३५ मध्ये. दोन देशांच्या दोन संस्था एकाच शहरात असल्याचा याहून सुंदर उपयोग दाखवणे कठीण आहे. प्राचीन विद्यांच्या शाखेत स्त्रियांना अमेरिकनांनी सुरुवातीपासून घेतले. कलांच्या शिष्यवृत्त्या मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत अविवाहित पुरुषांसाठीच होत्या.

जर्मन कलावंतांचा व्हिला मासिमो कोळशाचे बडे व्यापारी एदुआर्द आर्नहोल्ड यांची देणगी. १९१० मध्ये त्यांनी जमीन घेतली, ओळीने उंच उजेडाचे स्टुडिओ बांधले आणि सगळे प्रशियाच्या सरकारला दिले. आर्नहोल्ड ज्यू होते. १९३२ च्या शरदात तिथे राहायला आलेल्यांत फेलिक्स नुसबाउम हा ज्यू चित्रकार होता आणि आर्नो ब्रेकर हा शिल्पकारही. काही महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. नुसबाउमला १९३३ च्या मे महिन्यात व्हिला सोडावा लागला, तो पुन्हा जर्मनीत राहायला गेला नाही आणि १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये मारला गेला. ब्रेकर नाझी राजवटीचा आवडता शिल्पकार झाला. एकाच अंगणात एकाच हंगामात हे दोघे काम करत होते.

महायुद्धात यांतली बरीच घरे बंद पडली. जर्मन पुरातत्त्व संस्थेचे आणि कलेतिहासाच्या हर्टझियाना संस्थेचे ग्रंथालय १९४४ मध्ये उचलून ऑस्ट्रियाच्या मिठाच्या खाणीत नेले गेले. ही दोन ग्रंथालये नसतील तर रोममधला कोणत्याच देशाचा अभ्यासक पुढे जाऊ शकत नव्हता, म्हणून युद्धानंतर ती परत आणण्यासाठी शत्रुपक्षातले विद्वानही झटले. १९४६ मध्ये रोममधल्या विविध देशांच्या संस्थांचा संघ स्थापन झाला, आणि १९५३ मध्ये ग्रंथालये जर्मनांच्या ताब्यात परत आली.

युद्धोत्तर काळात अमेरिकन अकादमीने लॉरन्स रॉबर्ट्स या संचालकाच्या हाताखाली जुना कडवेपणा टाकला. शास्त्रोक्त पुनर्रचनांची सक्ती गेली. वास्तुकार लुई कान १९५०-५१ च्या मुक्कामात रोमच्या विटांच्या प्रचंड भिंती आणि इजिप्त-ग्रीसचे अवशेष पाहून परतला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याचे काम पालटले. पुढे त्याने आखलेल्या अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या वर्तुळाकार कमानी पाहणाऱ्याला त्यांचे रोमशी असलेले नाते सहज दिसते. रॉबर्ट व्हेंच्युरी १९५४ ते १९५६ तिथे होता. आधुनिक वास्तुकलेच्या कोरडेपणाला आव्हान देणारे त्याचे १९६६ चे पुस्तक त्या वर्षांच्या पाहण्यातून आले. ‘इनव्हिजिबल मॅन’चा लेखक राल्फ एलिसनही दोन वर्षे तिथे राहिला.

व्हिला मेदिचीत बदल वरून आला. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६१ मध्ये चित्रकार बाल्त्यूसला संचालक नेमले. त्याने सोळा वर्षे राहून वाड्याचे थर उकलले, भिंतींचे रंग स्वतः ठरवले, बाग दुरुस्त केली. १९६८ च्या विद्यार्थी उठावानंतर ‘प्री द रोम’ची स्पर्धा रद्द झाली. कोंडलेल्या खोल्या गेल्या. उमेदवाराने अर्ज, आपले काम आणि प्रकल्प मांडायचा, अशी निवड सुरू झाली. साहित्य, छायाचित्रण, चित्रपट, कलेतिहास आत आले. लग्नाची अट गेली आणि कुटुंबे बागेत दिसू लागली. आता तिथे दरवर्षी सोळा जण येतात, आणि फ्रेंच नागरिकत्वही आवश्यक नाही. अमेरिकन अकादमीत दरवर्षी सुमारे तीस जण येतात.

रोमबाहेर हा नमुना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगाने पसरला. १९५९ मध्ये कोमो सरोवराकाठचा व्हिला सेर्बेलोनी रॉकफेलर फाउंडेशनकडे आला. त्याच वर्षी कलेतिहासकार बर्नार्ड बेरेन्सन वारले आणि फ्लॉरेन्सजवळचे त्यांचे इ तात्ती हे घर, ग्रंथालयासह, हार्वर्ड विद्यापीठाला मिळून रेनेसाँसच्या अभ्यासकांचे निवासस्थान झाले. पश्चिम बर्लिनमध्ये भिंत उभी राहिल्यावर शहर एकाकी पडू नये म्हणून फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर १९६३ मध्ये कलावंतांना निवासासाठी बोलावणे सुरू झाले. पुढे ते डीएएडी या जर्मन संस्थेने चालवले. मराठी आणि इंग्रजीत लिहिणारे किरण नगरकर याच योजनेत बर्लिनला राहिले.

१९६७ मध्ये पॉल एंगल आणि ह्वालिंग नी यांनी आयोवा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या त्या छोट्या गावात पाहायला प्राचीन अवशेष नव्हते, उघडायला पोपचे दफ्तर नव्हते, आणि मुदतीच्या शेवटी कुणाला काही पाठवायचेही नव्हते. होते ते जगभरातून आलेले इतर लेखक, बसायला खोली आणि काही महिन्यांची मोकळीक. १९७५ ते १९७७ या काळात मराठी कवी दिलीप चित्रे तिथे होते.